जुळ्यांची तपासणी

शिवमनं फोन उचलून ‘हॅलो’ म्हटलं, तसा पलीकडचा माणूस म्हणाला, “ताई, भागवतरावाला द्या जरा.”

“मी शिवम बोलतोय.”

“कोण?”

“शिवम. त्यांचा मुलगा.”

पलीकडे ट्रॅक्टरची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मग तो माणूस हसला. “आसं व्हय! मला वाटलं पोरगी हाय. बरं, पप्पाला सांग, मळणीची मशीन उद्या सकाळीच तुमच्या रानात येऊन राहिली. उद्या न्हाई तर मग आठ दिवस मिळायची न्हाई. सोयाबीन गोळा करून ठिवा म्हनावं.”

शिवमनं फोन खाटेवर आपटला. दारात पाय धुणाऱ्या भागवतनं मान वर केली.

“कुणाचा?”

“मशीनवाल्याचा. उद्या येतोय.”

“उद्या?” भागवतच्या हातातला तांब्या तसाच राहिला. “उद्या तर तुला नांदेडला न्यायचंय.”

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर मोठ्या मिनतवारीनं लागला होता. मुलांच्या वाढीच्या त्या डॉक्टर. गेल्या महिन्यापासून भागवत रोज एकदा तरी त्याविषयी बोलत होता आणि प्रत्येक वेळी शिवम उठून बाहेर जात होता. भागवतनं पाय पुसले, आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला ढग होते. सोयाबीन भिजलं तर वर्षाची मेहनत काळी पडणार होती.

“मग तूच घिऊन जा,” तो बायकोला, सिंधूला म्हणाला. “डॉक्टर बी बाईच हाय.”

“मला नांदेडचं काय कळतंय? तनुजाला घेते संगं. तिला मोबाईलवर पत्ता बघता येतो.”

“मला बी येतो,” शिवम म्हणाला.

ते कुणी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

तनुजा आणि तो जुळे. तनुजा काही मिनिटांनी मोठी. सातवीपर्यंत दोघं एकाच मापाची होती. एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात जायची आणि त्यावरून भांडण व्हायचं. मग तनुजा सटासट वाढली. सलवारींच्या दुमडी उसवल्या, त्याही पुरल्या नाहीत. शिवम होता तिथंच राहिला. आता दोघं दहावीत होती, आणि जळकोटच्या शाळेत नव्यानं आलेल्या प्रत्येक शिक्षकाला तो तिचा धाकटा भाऊ वाटायचा. “हा कितवीत आहे गं?” असं तिलाच विचारायचे. ती “माझ्याच वर्गात” म्हणायची आणि खाली बघायची. शिवमला ते खाली बघणं सहन व्हायचं नाही.

बरोबरीच्या सगळ्या पोरांचे कंठ फुटले होते. वर्गातल्या मृत्युंजयला शिवम पाचवीत असताना सहज चीत करायचा. तोच मृत्युंजय आता कबड्डी खेळताना त्याला कमरेला धरून उचलायचा, रेषेबाहेर नेऊन ठेवायचा आणि ठेवताना “सांभाळून रं” म्हणायचा. त्यापेक्षा आपटलं असतं तरी चाललं असतं. यंदा सरांनी त्याला संघातच घेतलं नाही, गुण मांडायला बसवलं. “तुझं अक्षर चांगलं आहे,” असं कारण दिलं. श्रावणात एकदा त्यानं चोरून भागवतचं ब्लेड ओठावर फिरवलं होतं, फिरवलं की केस लवकर येतात म्हणून. केस आले नाहीत, ओठ कापला, आणि त्याचं कारण वर्गात सगळ्यांना समजलं होतं.

घरात सिंधूनं आपल्या परीनं सगळं चालवलं होतं. सकाळी दूध आणि खारकेची पूड, दुपारी तूप, रात्री उकडलेलं अंडं. उदगीरच्या एका वैद्याचं चूर्णही झालं. ताट वाढताना ती त्याच्या ताटावरून हात फिरवायची, जणू दृष्ट काढावी. आणि शेजारणी बसलेल्या असल्या की तनुजाकडे बोट करून म्हणायची, “पोटात असल्यापासून हिनंच सगळं खाल्लं बघा. ह्याच्या वाट्याला काय ठिवलंच न्हाई.” बाया हसायच्या. तनुजासुद्धा हसायची.

त्या रात्री जेवताना तनुजानं आपली अर्धी भाकर त्याच्या ताटात सरकवली. हे तिचं आताशा नेहमीचं झालं होतं. शिवमनं ती उचलली आणि परत तिच्या ताटात टाकली. आमटी उडाली.

“मी काय लहान लेकरू हाय का? तुझं तू खा.”

“आरं, कामून वरडतोस तिच्यावर?” सिंधू म्हणाली. “मायेनं देऊन राहिली तर.”

तनुजानं भाकर घडी घालून टोपल्यात ठेवली आणि हात धुवायला उठली.

सकाळच्या नांदेड गाडीला गर्दी नव्हती. कंडक्टर आला, त्यानं तिघांकडे पाहिलं आणि मशीनची बटणं दाबत म्हणाला, “दोन बायांचं हाफ, पोराचं हाफ. तीन हाफ.”

“माझं फुल्ल,” शिवम म्हणाला.

कंडक्टरनं बटणांवरून बोट उचललं. “कितवीला हाईस?”

“दहावीला.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. कंडक्टरनं सिंधूकडे पाहिलं. सिंधूनं खिडकीबाहेर पाहिलं, मग म्हणाली, “द्या की फुल्ल. म्हनतोय तर.”

“बरं बाबा, फुल्ल तर फुल्ल,” कंडक्टर म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. तो चांगला माणूस होता. शिवमला जगातल्या सगळ्या चांगल्या माणसांचा राग आला.

जांब गेलं, कंधार गेलं. उन्हं वर आली तसा गाडीचा पत्रा तापायला लागला. तनुजानं शाळेचा निळा स्वेटर घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. हल्ली ती तो काढतच नव्हती. वाढत्या अंगाची लाज वाटते म्हणून घालत असेल, असं शिवमनं कधीचंच ठरवून टाकलं होतं. त्याला वाटायचं, हिला वाढून लाज वाटते, मला न वाढून. देवानं हे तरी नीट वाटायचं.

“काढ की ते,” तो म्हणाला. “लोक बघायलेत.”

“थंडी वाजतीय.”

“ह्या उन्हात?”

तिनं खिडकीच्या गजावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

नांदेडात उतरल्यावर तनुजानं मोबाईल बघत बघत त्यांना बरोबर दवाखान्यापर्यंत नेलं. पहिला मजला चढताना ती मध्येच थांबली. कठड्याला धरून उभी राहिली.

“काय झालं गं?” सिंधूनं वरून विचारलं.

“काही न्हाई. चप्पल सरकली.”

बाहेरच्या खोलीत आयांच्या मांडीवर लहान लहान पोरं रडत होती. भिंतीवर एक जिराफ रंगवलेला होता, त्याच्या मानेवर आकडे. सगळ्या खोलीसमोर शिवमला त्या जिराफाला पाठ लावून उभं राहावं लागलं. नर्सनं त्याच्या डोक्यावर पट्टी टेकवली आणि आकडा मोठ्यानं उच्चारला. मग त्याला खालच्या मजल्यावर नेऊन डाव्या हाताचा एक्स-रे काढला. वाढ सगळ्या अंगाची खुंटली होती आणि हे लोक पंजाचा फोटो काढत होते. तो परत आला तेव्हा त्यांचा नंबर लागला होता.

डॉक्टर सौदामिनी पन्नाशीच्या होत्या. केस आखूड, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सिंधूला नव्हे, शिवमला जवळ बोलावलं.

“हे बघ. ही तुझी बोटं. हाडांच्या टोकाशी ही काळी फट दिसते? वाढ संपली की ही बुजते. तुझी चांगली उघडी आहे. तू पंधराचा आहेस, पण तुझी हाडं अजून तेराची आहेत. तुझी गाडी उशिरा सुटलीय. रद्द झालेली नाही.”

शिवम एक्स-रेकडे बघत राहिला. फट दिसत होती.

“वडिलांना दाढी कधी आली?” डॉक्टरांनी सिंधूला विचारलं.

सिंधू लाजली. “लग्नात बी नीट नव्हती.”

“मग झालं तर. वारसा आहे हा.” डॉक्टर हसल्या. “जा, पडद्यामागं जा. डॉक्टर मुकुल तुला एकदा तपासतील, मग बोलू.”

डॉक्टर मुकुल तरुण होते. हात गार असतील, सॉरी, असं आधीच म्हणाले. तपासणी चालू असेपर्यंत शिवम पंख्याच्या बटणांकडे बघत राहिला. थोडा वेळच गेला असेल, पण त्याला तो फार वाटला.

“घाल कपडे,” डॉक्टर मुकुल म्हणाले आणि आवाज खाली आणून, जणू दोन पुरुषांमधलंच बोलणं असावं तसं, पुढं म्हणाले, “सुरुवात झालीय बरं का. अगदी ताजी आहे, तुला बाहेरून कळणार नाही. सहा महिन्यांत स्वतःचा आवाज स्वतःला ओळखू येणार नाही बघ.”

ते हात धुवायला मोरीकडे गेले. शिवम एका पायावर उभा राहून पँट चढवत होता आणि तोल जात होता. सुरुवात झालीय. त्याला वाटलं, तसंच धावत बाहेर जावं. मृत्युंजयला फोन करावा. मशीनवाल्यालाही करावा. शर्टाची बटणं चुकीच्या काजात चालली होती, तरी तो तशीच लावत होता.

पडद्यापलीकडे डॉक्टर बोलत होत्या.

“आणि ही बहीण ना? जुळी? तुला गरम होत नाही का गं स्वेटरमध्ये?”

“न्हाई.”

“हात बघू तुझा. केवढा गार आहे. बाही वर कर जरा.” स्वेटरची बाही सरकल्याची सळसळ झाली. “आणखी वर कर. ही लव आधीपासून होती, की हल्ली आली? केस गळतात?”

“गळत्यात.”

“ह्या काट्यावर उभी राहा. चप्पल काढून.”

काट्याचा खटका वाजला. डॉक्टरांनी आकडा मोठ्यानं सांगितला नाही.

“पाळी वेळेवर येते?”

“हाव, येती की,” सिंधू म्हणाली.

“मी तिला विचारतेय, ताई.”

शिवमचा हात शेवटच्या बटणावर थांबला.

“उन्हाळ्यापासून आली न्हाई,” तनुजा म्हणाली.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “काय बोलून राहिलीस तू?” सिंधूचा आवाज ओळखू येत नव्हता. “आगं, काय बोलून राहिलीस?”

“बसा, ताई. तुमच्या मनात आलंय तसलं काही मी म्हणत नाहीये. बसा आधी.” मग डॉक्टरांचा आवाज बदलला, खाली आला. “तनुजा, काल रात्री काय जेवलीस?”

“भाकर.”

“किती?”

उत्तर शिवमला माहीत होतं. आमटी उडालेलं ताट त्याच्या डोळ्यांसमोर आलं. आणि त्याआधीची कितीतरी ताटं, ज्यांत ती बोटं फिरवत बसायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची.

“भूक लागत नाही, की लागते आणि तू खात नाहीस?”

“लागती.”

“मग?”

“मला आता आणिक वाढायचं न्हाई.”

“का गं?”

“आई म्हनती, पोटात असल्यापासून मी त्याचं खाऊन राहिले.” ती तक्रार करत नव्हती. वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसं सांगत होती. “मी थांबले तर तो तरी वाढंल.”

“आगं, मी हासत म्हनायची ते,” सिंधू म्हणाली. “बाया बसल्या की हासत म्हनायची. तू बी तर हासायचीस.”

डॉक्टर मुकुल हात पुसत मागे वळले आणि त्यांनी शिवमकडे पाहिलं. मग नजर काढून घेऊन टेबलावरच्या वस्तू उगाच नीट लावायला लागले. शिवमला बाहेर जायचं होतं, पण पडदा बाजूला करावा कसा ते कळत नव्हतं. आपलं अंग वाढलं तरी आता त्याचा आनंद कुठं ठेवायचा, हेही कळत नव्हतं. त्याला राग येत होता, पण नेमका कुणाचा ते ठरत नव्हतं. आईचा, तनुजाचा, की रोज ते अंडं मुकाट्यानं गिळणाऱ्या स्वतःचा.

तो बाहेर आला तेव्हा कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी त्याच्याबद्दल दोन वाक्यांत उरकलं: औषध काही नाही, सहा महिन्यांनी दाखवा. उरलेला सगळा वेळ त्या तनुजाविषयी बोलल्या. ती आजारी आहे, हट्टी नाही. अंगाला अन्न मिळेना की अंग आधी पाळी बंद करतं, मग हळूहळू बाकीचं. रक्त तपासायचं, आणि खात्रीसाठी पोटाची सोनोग्राफी. ती मागच्या गल्लीतल्या प्रसूतिगृहात होईल, आत्ताच जा. पुढच्या आठवड्यात परत यायचं, आणि वडिलांनाही आणायचं.

“आणि ताई,” त्या शेवटी सिंधूला म्हणाल्या, “तिला रागवायचं नाही. जबरदस्तीनं भरवायचंही नाही. शेजारी बसून जेवा. पुरे तेवढं.”

सिंधूनं मान हलवली. पण जिन्यावर येताच तिनं तनुजाचा दंड धरला.

“खरं सांग मला. इथं कुनी न्हाई. खरं सांग.”

“खरंच सांगितलं की.”

“शाळेतल्या कुणी… कुनाच्या नादाला…”

“आई, सोड तिला,” शिवम म्हणाला.

“तू गप. तुला कळत न्हाई ह्यातलं.”

“मला सगळं कळतंय. मी आतच व्हतो. सोड.”

त्यानं आईचा हात मनगटाशी धरला आणि ओढला. तिची पकड सुटली. सिंधू त्याच्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. तिच्या खांद्यांवरून ती रडते आहे हे कळत होतं. तनुजा मात्र रडत नव्हती. तिला फक्त बसायचं होतं. ती तिथंच पायरीवर बसली.

प्रसूतिगृहाच्या बाहेरच्या खोलीत सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. पोटं पुढं आलेल्या बाया, त्यांच्या सासवा, मोबाईलमध्ये मान घातलेले दोन-तीन नवरे. तनुजाला तांब्याभर पाणी प्यायला लावून, बराच वेळ बसवून मग आत बोलावलं. सिंधू तिच्याबरोबर गेली. शिवम भिंतीला टेकून उभा राहिला. पोस्टरवरची गुटगुटीत बाळं त्याच्याकडे बघत हसत होती.

“आरं, तू भागवतचा शिवम न्हवं?”

त्यानं वळून पाहिलं. केवळाबाई. त्यांच्याच आळीतल्या, चार घरं सोडून. शेजारी त्यांची सून, सातवा-आठवा महिना असावा. केवळाबाईंना कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोचते, असं भागवत नेहमी म्हणायचा. आता पाणवठा राहिला नव्हता, पण केवळाबाई होत्या.

“तू हितं काय करून राहिलास? संगं कोण हाय?”

“आई हाय.”

“सिंधू? काय झालं रं तिला?”

तो काही बोलणार तेवढ्यात आतलं दार उघडलं. आधी तनुजा बाहेर आली, स्वेटरची बटणं लावत. तिच्यामागून सिंधू. सिंधूचे डोळे लाल होते, पण चेहरा सकाळपेक्षा सैल झाला होता. आत कुणीतरी तिला तिच्या भीतीवरचं उत्तर दिलं असणार. तिनं केवळाबाईंना पाहिलं आणि ती दारातच थांबली.

केवळाबाईंची नजर तनुजाच्या चेहऱ्यावरून खाली सरकली, त्या ढगळ स्वेटरवर थांबली आणि दारावरच्या पाटीकडे गेली. मग परत स्वेटरवर आली.

“आगं माय,” केवळाबाई हळूच म्हणाल्या. “पोरीला काय झालं वं सिंधू?”

सिंधूनं पदर सावरला. तनुजानं खाली पाहिलं.

“तिला काय न्हाई झालं. मला झालंय,” शिवम म्हणाला.

त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. मोठा आणि बारीक. एका नवऱ्यानं मोबाईलमधून मान वर काढली.

“तुला?”

“हाव. मी वाढंना न्हवं का. दहावीत गेलो तरी अंग सुटंना, मिशी फुटंना. आवाज तर आसा. म्हनून मला मोठ्या डॉक्टरीणबाईकडं आणलंय.” त्याचे कान तापले होते, पण तो थांबला नाही. थांबला तर मध्ये दुसरा प्रश्न आला असता. “आमी जुळी हाव ना. जुळ्यात एकाचं बिघडलं की दोघांची तपासणी करत्यात. आतून सगळं बघत्यात. तिचं झालं, ठीक हाय तिचं. बिघडलंय ते माझंच.”

खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या होत्या. केवळाबाईंच्या सुनेनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

केवळाबाईंनी एकदा शिवमला, एकदा तनुजाला पाहिलं. दोघांची उंची डोळ्यांनी मापली. मग त्यांचा चेहरा उलगडला.

“तरीच!” त्या म्हणाल्या. “मी तर कवापासून म्हनते, ह्या लेकराचं काय तर अडलंय. पोरगी बघ कशी माडावानी गेली आन् हे आपलं… जाऊ दे बाबा. आता हुईल का पण नीट?”

“बघू म्हनल्यात.”

“आन् न्हाई झालं तर?”

डॉक्टर मुकुलांचे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. फक्त बोलायचा अवकाश होता. पण बिघडलंय असं सांगून झालं होतं, आता ते बिघडलेलंच राहायला हवं होतं.

“न्हाई झालं तर न्हाई,” तो म्हणाला.

“काळजी करू नगंस सिंधू,” केवळाबाई सिंधूचा हात हातात घेऊन म्हणाल्या. “माझ्या भावाचा साडू आसाच व्हता. लग्न झालं त्याचं नंतर. म्हंजी झालं कसं तरी.”

सिंधूनं मान हलवली. ती शिवमकडे बघत होती, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर ऊन कडक होतं. सिंधू स्टँडकडे जाणारा ऑटो बघायला कोपऱ्यापर्यंत पुढं गेली. दोघं एका बंद दुकानाच्या सावलीत उभी राहिली. समोर उसाच्या रसाचा चरक घुंगरं वाजवत फिरत होता. शिवमला आता सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं: सोमवारची शाळा, मृत्युंजयचं तोंड, मुलींच्या बाकांवरची कुजबुज. दगड सापडला असता तर तो त्यानं कुणाच्या तरी पत्र्यावर भिरकावला असता.

“सगळ्या गावाला सांगंल ती आता,” तनुजा म्हणाली.

“सांगू दे.”

“पोरं लई हासतील तुला.”

“म्हाईत हाय की.” तो तिच्यावरच खेकसला. “तुला कुणी सांगितलं व्हतं गं उपाशी राहायला? मी सांगितलं व्हतं? मला इचारलं व्हतंस एकदा तरी?”

स्वेटरच्या बाहीची टोकं तिनं मुठीत धरली होती.

“परत आसलं केलंस तर केवळाबाईला खरं सांगून टाकीन,” तो म्हणाला. “तिच्या घरी जाऊन सांगीन. बघ.”

“सांग,” ती म्हणाली आणि तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

तो वळून तिला परत मारणार होता. पण हात उचललाच गेला नाही. पाठीवर काही पडलं होतं, एवढंच कळलं होतं. लागलं काहीच नव्हतं.